धिप्पाड, भारदस्त की थुलथुलीत? मोठ्या देहाचं वर्णन लेखक कसं करतात

2025च्या सुरुवातीपासून लठ्ठपणा सतत बातम्यांत आहे. त्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने लठ्ठपणाची व्याख्या नव्याने मांडली. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून जेवणातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. मार्चमध्ये वजन उतरवणारं ‘मौंजारो’ हे इंजेक्शन भारतात विक्रीला आलं. या सगळ्यावर मराठीतही भरभरून लिहिलं गेलं आणि जवळजवळ प्रत्येक लेखात मोठ्या देहाचा माणूस एकाच शब्दात आटोपला: लठ्ठ.

आरोग्याच्या लेखाला तो शब्द पुरतो. कथा, व्यक्तिचित्र, मृत्युलेख, गावच्या स्मरणिकेतला परिचय लिहिणाऱ्याला तो पुरत नाही. तालमीतला वस्ताद, निवृत्त हेडमास्तर, लग्नघरात सगळी सूत्रं हलवणारी आत्या आणि पेढीवर बसलेला सावकार या चौघांचं वजन शंभर किलो असू शकतं. चौघांनाही ‘लठ्ठ’ म्हटलं की चारही माणसं वाचकाच्या डोळ्यांसमोरून पुसली जातात. मराठीत यासाठी शब्दांचा तुटवडा नाही. अडतं ते कुठला शब्द कशासाठी आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

वजन किती, यावर मान ठरत नाही

काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेऊन एखादी बाई विहिरीवरून येते. मान ताठ, पावलं एका लयीत, पाण्याचा थेंबही सांडत नाही. तेवढंच पाणी तेवढ्याच हंड्यात घेऊन दुसरी कोणी अडखळत आली, तर हंडा हिंदकळतो, पदर भिजतो, बघणारे हसतात. पाण्याचं वजन दोन्हीकडे सारखंच असतं.

देहाच्या वर्णनाचंही असंच आहे. वजन माणसाच्या ताब्यात दिसलं की वाचकाला दरारा, आदर, आधार वाटतो. वजन ताब्यातून सुटलेलं दिसलं की हसू येतं, कीव येते, किळसही येते. ‘पोट सुटलं’ असं आपण सहज म्हणतो, त्यातलं ‘सुटलं’ हे क्रियापद नेमकं हेच सांगतं. चांगला लेखक माणूस किती मोठा आहे हे सांगण्यात फार शब्द घालवत नाही. तो मोठेपणा माणूस कसा वागवतो, हे दाखवतो.

जुन्या ग्रंथांत हे किती काटेकोरपणे आलं आहे

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त पहिल्याच सर्गात दिलीप राजाचं वर्णन आहे: ‘व्यूढोरस्को वृषस्कन्धः शालप्रांशुर्महाभुजः’. रुंद छाती, बैलासारखे खांदे, शालवृक्षासारखी उंची, मोठे बाहू. चार शब्दांत भला थोरला देह उभा राहतो. पण खरी मेख पुढच्या ओळीत आहे. कालिदास म्हणतो, आपलं काम पेलायला समर्थ असा हा देह पाहून क्षात्रधर्मच जणू त्याच्या आश्रयाला आला होता. म्हणजे देहाचं मोठेपण कामाच्या मापाने मोजलं आहे. या चार शब्दांत पोटाचा उल्लेखही नाही, हेही ध्यानात घ्यावं.

आता चरकसंहिता पाहा. सूत्रस्थानाच्या 21व्या अध्यायात आठ प्रकारची टोकाची शरीरं सांगितली आहेत. अतिउंच, अतिबुटका, अतिकृश यांच्याबरोबर अतिस्थूलही त्यांत येतो. त्याची व्याख्या अशी: मेद आणि मांस फार वाढल्यामुळे ज्याचे कुल्ले, पोट आणि स्तन हलतात, आणि ज्याचा उत्साह शरीराच्या वाढीशी जुळत नाही, तो अतिस्थूल. इथे वजन नाही, घेर नाही, काहीच मोजलेलं नाही. दोनच गोष्टी पाहिल्या आहेत: शरीर हलतं का, आणि अंगातली उमेद शरीराला पुरी पडते का. कालिदासाला राजा गौरवायचा होता, चरकाला रोगी ओळखायचा होता. दोघांनी कसोटी मात्र एकच लावली. कालिदासाच्या राजाचा देह कामाला पुरतो, चरकाच्या रोग्याला आपला देह पेलत नाही.

मराठी माणसाच्या तोंडी रोज असलेलं उदाहरण तर गणपतीचं. पोट मोठं असूनही पूज्य असणारं हे दैवत. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ॐकाराचं रूप म्हणून गणेश येतो, तेव्हा ‘अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल’ असं म्हटलं आहे. विशाल उदर लपवलेलं नाही, उलट ॐकाराचा मधला वर्णच ते पोट झाला आहे. रामदासांच्या आरतीत ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ अशी ओळ आहे. घाईघाईत आरती म्हणताना ‘फणिवरबंधना’कडे लक्ष जात नाही. फणिवर म्हणजे मोठा नाग, आणि तो पोटाभोवती पट्ट्यासारखा बांधलेला आहे. लंब उदर आणि त्याला घातलेलं बंधन एकाच ओळीत. मूर्तिकारही नागाचा हा उदरबंध कोरतात. पोट भलं मोठं आहे, पण ते बांधलेलं आहे, मांडी घालून स्थिर बसलेलं आहे. म्हणून त्याकडे बघताना हात जोडले जातात.

रामदासांच्याच मारुतिस्तोत्रात याहून धाडसी गोष्ट आहे: ‘ठकारे पर्वताऐसा, नेटका सडपातळू’. पर्वतासारखा ठाम उभा, आणि तरी सडपातळ. वाचताना हे एकमेकांशी फटकून वागणारे शब्द वाटतात, पण डोळ्यांसमोर येणारं रूप जराही विस्कटत नाही, कारण भव्यपणा उभं राहण्यात आहे, घेरात नाही. बुटक्या किंवा बारीक माणसाचंही ‘भारदस्त’ वर्णन करता येतं ते याच वाटेने.

कोणता शब्द कुठे बसतो

मोठ्या देहाचे मराठी शब्द साधारण पाच-सहा घरांत राहतात आणि एका घरातला शब्द दुसऱ्या घरात नेला की वाक्य खोटं वाजतं.

‘जाड’, ‘जाडा’, ‘लठ्ठ’, ‘स्थूल’ हे आकार सांगणारे शब्द. जाड हा सगळ्यांत साधा. तो कापडाला, भाकरीला, पुस्तकालाही लागतो, त्यामुळे माणसाला लावला की माणूस जरासा वस्तूसारखा वाटतो. लठ्ठ थेट आहे. ‘गलेलठ्ठ’मध्ये त्यावर रोष चढतो, म्हणूनच वर्तमानपत्रांत पगार गलेलठ्ठ असतात. स्थूल सभ्य आहे, पण दवाखान्याचा वास असलेला. बोलीतल्या संवादात एखादी आजी ‘तो स्थूल झालाय’ असं म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘अंग धरलंय हो पोरानं’, ‘तब्येत सुधारलीय’, किंवा ‘आडवा सुटलाय’. या तिन्हींत फरक आहे. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात सावध सभ्यपणा, तिसऱ्यात काळजी मिसळलेली टीका.

घट्ट, कमावलेल्या शरीराचं घर वेगळं: धष्टपुष्ट, दणकट, पीळदार, भरदार, हाडापेराने मजबूत. ‘भरदार’ बहुधा छातीला, खांद्यांना किंवा मिशांना लागतो, पोटाला नाही. ‘धिप्पाड’मध्ये उंची आलीच पाहिजे. पाच फूट उंचीच्या माणसाला धिप्पाड म्हणणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. त्याला ठेंगणा-ठुसका म्हणतात आणि त्या शब्दात बुटकेपणाइतकाच कणखरपणाही आहे. ‘आडदांड’ तर निव्वळ शरीराचा शब्दच नव्हे, त्यात वागणूकही येते. आडदांड माणूस दार ढकलून आत येतो. शांत, मोठ्या देहाच्या शिक्षकाला आडदांड म्हटलं की त्याच्यावर अन्याय होतो.

सैल शरीराचे शब्द म्हणजे थुलथुलीत, फोपसा, लोंबणारं, सुटलेलं. इथे चरकाचं हलणं परत येतं. ‘थुलथुलीत’ हा शब्द उच्चारतानाच हलतो. एकूणच मोठ्या देहाच्या मराठी शब्दांत महाप्राण (ठ, ढ, ध, भ असे श्वास जोरात सोडून उच्चारायचे वर्ण) आणि जोडाक्षरं यांची गर्दी आहे: लठ्ठ, धिप्पाड, धष्टपुष्ट, भारदस्त, ढेरी, ढब्बू. बारीक माणसाचे किडकिडीत, काटकुळा, सडपातळ हे शब्द जिभेवर हलके पडतात. वाक्य रचताना याचा उपयोग होतो. एका वाक्यात एकच जड शब्द ठेवला तर तो जमिनीत रुततो, तीन ठेवले तर वाक्य धापा टाकू लागतं.

‘गुटगुटीत’, ‘गुबगुबीत’, ‘बाळसेदार’ हे लहान मुलांचे शब्द. मोठ्या माणसाला लावले की तो लाडावलेला किंवा हास्यास्पद होतो. तसं करायचं असेल तर खुशाल करावं, पण नकळत होऊ देऊ नये. ‘अगडबंब’, ‘अवाढव्य’, ‘अजस्र’ हे शब्द माणसाला इमारतीच्या किंवा राक्षसाच्या मापात नेतात. ‘अगडबंब’ला हसू चिकटलेलं आहे, ‘अजस्र’ला भीती.

पोटाचे शब्द वेगळे जपावे लागतात. पोट हा शब्द तटस्थ आहे. ‘ढेरी’ थट्टेची आहे, तीही प्रेमळ असू शकते. नातवाने आजोबांच्या ढेरीवर डोकं टेकलं तर त्यात अपमान नाही. ‘ढेरपोट्या’ मात्र शिवीच. ‘दोंद’ आता जुना वाटतो, आणि जुन्या काळातल्या सावकाराच्या, भटजीच्या वर्णनात तो जसा शोभतो तसा आजच्या आयटी कंपनीतल्या माणसाला शोभत नाही.

उरलं मानाचं घर: भारदस्त, रुबाबदार, भव्य. यांतला ‘भारदस्त’ सगळ्यांत झिजला आहे. कोणत्याही मोठ्या माणसाच्या पुढे ‘भारदस्त व्यक्तिमत्त्व’ लिहिलं की काम झालं, असं लिहिणाऱ्याला वाटतं. या शब्दाने वाचकाला काहीच दिसत नाही. आवाज भारदस्त होता, चाल भारदस्त होती, सही भारदस्त होती, असं काहीतरी नेमकं धरलं तरच तो शब्द अजून चालतो.

वजन कुठे बसलं आहे, ते बघा

दोन माणसांचं वजन सारखं असलं तरी ते शरीरावर वेगवेगळ्या जागी असतं, आणि माणूस ओळखू येतो तो त्या जागेवरून. मल्लाचं वजन मानेत, खांद्यांत आणि मांड्यांत असतं. मान कानांच्या खालून सरळ खांद्यांत उतरते, वेगळी अशी दिसतच नाही. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासल्याने कान मोडून गोळ्यासारखे झालेले असतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाबद्दल, तिथल्या कुस्त्यांबद्दल लिहिताना ‘धिप्पाड पैलवान’ हे दोन शब्द वाचक वाचून पुढे जातो. मोडलेला कान सांगितला की थबकतो, कारण तो कान वर्षांचा हिशोब सांगतो.

बैठं काम करणाऱ्याचं वजन पोटावर आणि हनुवटीखाली येतं. हात-पाय त्यामानाने बारीकच राहतात. सदऱ्याची पोटावरची दोन बटणं ताणलेली, बाह्या मात्र ढगळ, हे वर्णन नुसत्या ‘पोट सुटलेला’पेक्षा जास्त सांगतं. कष्ट करून वय झालेल्या बाईचं वजन कमरेत आणि दंडांत दिसतं. बांगड्या मनगटावर घट्ट बसलेल्या, साबण लावल्याशिवाय न निघणाऱ्या. आजारपणातून आलेली सूज आणखी वेगळी: चेहरा तुकतुकीत, पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. या सूजेला ‘अंग भरलं’ म्हणणारा लेखक वाचकाची दिशाभूल करतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी एवढं ठरवलेलं बरं: उंची किती, वजन शरीराच्या कोणत्या भागावर, घट्ट की सैल, आणि हे वजन कधीपासूनचं. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जन्मभर मोठ्या चणीचा असलेला माणूस दारातून जाताना आपोआप खांदा वळवतो. दोन वर्षांत वजन वाढलेला माणूस दाराला घासतो, कारण त्याच्या मनातलं त्याचं माप अजून जुनंच असतं.

एक उतारा, दोन प्रकारे

नवख्या लेखनात असा परिच्छेद हमखास सापडतो:

अण्णा जाड होते. त्यांचं पोट सुटलेलं होतं आणि चालताना त्यांना धाप लागे. पण त्यांचं व्यक्तिमत्त्व भारदस्त होतं.

इथे पहिल्या दोन वाक्यांनी माणूस खाली आणला आणि तिसऱ्यात ‘पण’ घालून माफी मागितली. वाचकाच्या मनात राहते ती धाप. तोच माणूस असा लिहिता येतो:

अण्णा दिसले की ओसरीवरची पोरं आपसूक उठून उभी राहत. अण्णा पायरीपाशी थांबत, काठी भिंतीला टेकवून ठेवत, खांद्यावरचं उपरणं सारखं करत आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून झोपाळ्यावर बसत. कड्या एकदा करकरत. त्यानंतर झोपाळा हले तो अण्णांनी पायाने रेटला तरच.

जाड, पोट, धाप यांतला एकही शब्द इथे नाही, आणि तिन्ही गोष्टी आहेत. पायरीपाशी थांबणं ही धापच आहे, पण अण्णांनी तिला उपरणं सारखं करायच्या कामात बसवलं आहे. वजन कड्यांनी सांगितलं. ‘एकदा’ हा शब्द महत्त्वाचा. कड्या सतत करकरत राहिल्या असत्या तर हाच प्रसंग विनोदी झाला असता. आणि अण्णांचा दबदबा पोरांच्या उठण्यातून आला, लेखकाच्या मतातून नाही.

आजूबाजूची वस्तू कोणती निवडता यावरही खूप अवलंबून आहे. झोपाळा, आरामखुर्ची, पाट, बैलगाडीची बैठक या वस्तू मोठ्या देहाला जागा देतात. एसटीचं दोघांचं बाकडं, रिक्षा, प्लॅस्टिकची खुर्ची या वस्तू त्याच्याशी भांडतात. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तिथे हेच अण्णा बसवून पाहा: तिसरा प्रवासी अंग चोरून घेतो, चौथा अर्धा बाहेर, अण्णा कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नाहीत. माणूस तोच, देह तोच, पण ओसरीवरचा रुबाब गेला आणि संकोच आला. लेखकाला अण्णांचा निवृत्तीनंतरचा एकटेपणा दाखवायचा असेल तर एवढा एक बाक पुरे.

क्रियापदं तर विशेषणांपेक्षा जास्त काम करतात. बसला, टेकला, रेलला, कोसळला, ऐसपैस बसला, फतकल मारून बसला: प्रत्येकात वजनावरचा ताबा कमी-जास्त आहे. ‘बैठक मारली’ यात ठामपणा आहे, ‘फतकल मारली’ यात पसरणं आहे.

कपड्यांबद्दल शिल्पकलेतलं एक उदाहरण सांगायलाच हवं. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक हा बुटका आणि चांगलंच पोट असलेला माणूस होता. पॅरिसच्या लेखकसंघटनेने रोदँ या शिल्पकाराला 1891 मध्ये त्याचा पुतळा करायला सांगितला. रोदँने आधी नग्न नमुने केले, पोट पुढे काढून ताठ उभा असलेला बाल्झाक. शेवटी त्याने पूर्ण देहावर एक लांब झगा टाकला. आतलं वजन जाणवतं, पण दिसतो तो मागे झुकलेला उंच आकार आणि वरचं डोकं. 1898 मध्ये तो पुतळा लोकांसमोर आला आणि संघटनेने नाकारला. आज तो आधुनिक शिल्पकलेतला मैलाचा दगड मानला जातो. लिहिणाऱ्यासाठी यात शिकण्यासारखं हे की रोदँने देह टाळला नाही. आधी तो नीट जाणून घेतला आणि मगच झाकला. मराठीत उपरणं, शाल, घोंगडी, नऊवारीचा ओचा हे सगळं याच कामाला येतं. शालीखालचं शरीर लेखकाला माहीत नसेल तर शाल नुसती खुंटीला टांगल्यासारखी दिसते.

मग सरळ किलो लिहून मोकळं का होऊ नये?

आकडा प्रामाणिक वाटतो, पण तो चित्र उभं करत नाही. डॉक्टर वापरतात तो बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. 1.70 मीटर उंचीच्या, 85 किलोच्या कारकुनाचा बीएमआय सुमारे 29.4 येतो. 1.80 मीटर उंचीच्या, 105 किलोच्या मल्लाचा सुमारे 32.4. भारतीयांसाठी 23च्या पुढे जादा वजन आणि 25च्या पुढे लठ्ठपणा असं धरतात, त्या हिशोबात मल्ल कारकुनापेक्षा जास्त लठ्ठ ठरतो. वाचकाच्या डोळ्यांना मात्र ते अगदी उलट दिसायला हवं. डॉक्टरसुद्धा याच कारणाने कंबरेचा घेर वेगळा मोजतात. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 ही मर्यादा मानली जाते. म्हणजे वजन कुठे बसलं आहे, हा लेखकाचा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही पडतोच.

कथेत आकडा येऊ शकतो, पण कोणाच्या तरी तोंडून. धान्याच्या वखारीतला हमाल पाहुण्याला बघून ‘दीड पोतं भरेल’ म्हणाला, तर त्यात पाहुण्याचं वजन आहे आणि हमालाचा जन्मही.

पोटाला पूर्वी मान होता, तो आता का नाही?

जिथे दुष्काळ पाठीशी लागलेला असतो तिथे सुटलेलं पोट हे भरलेल्या कणगीचं चिन्ह असतं. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली. 1972 च्या दुष्काळात लोक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले आणि सुकडीवर दिवस काढले. अशा समाजात ‘खात्यापित्या घरचा’ ही स्तुती होती, सोयरीक जुळवताना सांगायची गोष्ट होती. आता तेल, साखर आणि मैदा स्वस्तात मिळतो, काम बसून होतं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 24 टक्के बायका आणि 23 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. पोटावरून श्रीमंती ओळखायचे दिवस गेले. उलट आज खर्चिक जिम आणि आहारतज्ज्ञ परवडणारा माणूस सडपातळ असतो.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांची इथे मोठी फसगत होते. 1900 सालच्या पेढीवाल्याचं पोट बघून त्याच काळातल्या गिऱ्हाइकाच्या मनात तिरस्कार आला, असं लिहिलं की ते गिऱ्हाईक आजचं होतं. त्याच्या मनात हेवा आला असता, किंवा भरवसा: याची पेढी बुडणारी नाही.

‘लठ्ठ’ हा शब्द वापरायचाच नाही का?

वापरायचा. रोगाबद्दल लिहिताना ‘लठ्ठपणा’ हा नेमका शब्द आहे आणि तिथे ‘सुखवस्तू शरीर’ वगैरे लपवाछपवी केली तर वाचकाचं नुकसान होतं. गाळायची आहे ती दुसरी गोष्ट. लठ्ठपणाच्या बातम्यांबरोबर येणारे फोटो पाहा: पट्ट्यावर ओघळलेलं पोट, मान आणि चेहरा चौकटीबाहेर कापलेला. लेखनातही हे होतं. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा पोट, मांड्या, घाम यांवर चार ओळी जातात आणि डोळे, हात, बोलणं यांना एकही ओळ मिळत नाही. उपाय सोपा आहे. शरीराबद्दल एक वाक्य लिहिलं तर त्याच परिच्छेदात त्या माणसाने केलेली एक कृती आणि बोललेलं एक वाक्य असावं. आणि एकदा देह उभा केला की पुन्हा पुन्हा त्याची आठवण करून देऊ नये. जाड पात्र प्रत्येक प्रवेशात धापा टाकतच आलं, तर ते पात्र न राहता शिक्का होतं.

पुरुष भारदस्त, बाई मात्र जाडी?

मराठी लेखनातला हा जुना अन्याय आहे आणि तो मान्य करायला हवा. साठीच्या पुरुषाचा मोठा देह अधिकाराचं लक्षण म्हणून येतो. त्याच वयाच्या, त्याच मापाच्या बाईचा देह थट्टेचा विषय होतो. शब्द नाहीत म्हणून हे घडतं असं म्हणता येत नाही. भरल्या अंगाची, थोराड बांध्याची, ठसठशीत, आडव्या हाडाची हे शब्द आहेत. संस्कृत कवींनी तर डौलदार बाईला ‘गजगामिनी’ म्हटलं. आज ‘हत्तीसारखी’ हा अपमान आहे. कवींनी हत्तीची चाल घेतली: संथ, डोलणारी, घाई नसलेली. आपण हत्तीचा आकार घेतला. कालिदासानेही दिलीपासाठी अख्खा बैल घेतला नव्हता, फक्त खांदे घेतले होते. प्राण्याची उपमा द्यायचीच असेल तर त्याचा एखादा अवयव किंवा एखादी हालचाल घ्यावी, पूर्ण प्राणी घेऊ नये.

लग्नघरातली ती आत्या लिहून पाहा. ती कोठीच्या दारात पाट टाकून बसली आहे, किल्ल्या कमरेला, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिला विचारावंच लागतं, कारण तिला ओलांडून जायला जागाच नाही. ती उठत नाही; किती नारळ, किती गूळ, हे तिथूनच सांगते आणि ते बरोबर असतं. तिच्या देहाने दार अडलं आहे आणि त्याच देहाने घर चाललं आहे. तिला जाडी म्हणण्याची गरज पडत नाही, आणि भारदस्त म्हणण्याचीही.

आणि विनोदाचं काय?

विनोदी लेखनात मोठा देह येणारच, आणि तो येऊ नये असं म्हणणं लेखनाला पंगू करणं होय. फक्त हसू कशातून काढायचं, हे बघावं. नुसता आकार हसवतो तो एकदाच. लाडू, भोपळा, ढोल या उपमा वाचकाने इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्यांत आता काही उरलं नाही. टिकणारा विनोद माणसाच्या हट्टातून येतो. धोतर नेसलेले शंभर किलोचे काका भाच्याच्या स्कूटरवर मागे बसतात, मागचं टायर चपटं होतं, आणि काका खाली वाकून गंभीरपणे म्हणतात, ‘हवा आधीपासूनच कमी होती.’ इथे काकांचा देह वाचकाला दिसतो, पण हसू येतं ते त्यांच्या वाक्याला. भाचाही ‘हो, सकाळीच बघायला हवी होती’ असं म्हणाला, तर दोघांचं नातंही कळून जातं, आणि स्कूटर पंपाच्या दिशेने निघते.